जुन्या फोनातली ती

मंगळवारी सकाळी माझी पत्नी स्वयंपाकघरात पडली. मी वाचनालयात होतो. दुपारी इस्पितळात ती गेली.

तेराव्या दिवशी तिच्या वस्तू दान दिल्या. गेलेल्या माणसाच्या वापरातलं जे द्यायचं ते स्वच्छ करून द्यायचं, अशी आमच्याकडची रीत. तांब्या चिंचेनं घासायचा, गादीचा अभ्रा धुवायचा, चपलांची धूळ पुसायची. दक्षिणेतून ग्वाल्हेरला येऊन आमच्या घराण्याच्या कित्येक पिढ्या झाल्या. पुष्कळ काही सुटलं, ही रीत राहिली. छत्री, गादी, तांब्या यांच्या शेजारी माझ्या धाकट्या भावानं तिचा फोनही ठेवला. गुरुजींच्या सुनेकडे फोन नाही, हे त्याला माहीत होतं. ठेवण्याआधी त्यानं तोही स्वच्छ केला, म्हणजे आतलं सगळं पुसून अगदी कोरा केला. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी अडवलंही नाही. तांब्याला जो नियम तो फोनला, एवढंच त्याच्या मनात. मी समोर पाटावर बसलो होतो. दर्भाचं पवित्रक बोटाला रुतत होतं, त्यापलीकडे मला काही कळत नव्हतं.

अशा रीतीनं तिचा आवाज फक्त माझ्या फोनात उरला.

तिला टाइप करायचा कंटाळा. काही सांगायचं असलं की ती फोन तोंडाशी धरून बोलायची आणि पाठवून द्यायची. मी वरच्या खोलीत वाचत असलो तरी जिना चढण्याऐवजी खालून आवाज पाठवायची. मी लिहून उत्तर देत असे, पूर्णविरामासकट. ती म्हणायची, "तुमचं उत्तर आलं की वाटतं कॉलेजातून नोटीस आली." ते सगळे संदेश फोनात तसेच साठत गेले. ती असताना एकही मी दुसऱ्यांदा ऐकला नव्हता. ती गेल्यावर रोज सकाळी चहाबरोबर एक ऐकत असे. कुठलाही. ते ऐकलं म्हणजे दिवस सुरू करता येई.

फोन मात्र थकला होता. मागचं झाकण फुगून वर आलं होतं, टेबलावर ठेवला की डुगडुगायचा. चार्जरची पिन एका विशिष्ट कोनात धरली तरच लागे. त्यासाठी मी वायरीखाली एक जाड शब्दकोश ठेवत असे. अर्धी बॅटरी दाखवत असतानाच तो अचानक मिटायचा, आणि मग त्याच्या मर्जीनं उठायचा. उठेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसे.

वर्षश्राद्धाला मुलगी पुण्याहून आली. येताना तिनं स्वतःचा आधीचा आयफोन आणला होता आणि त्याच्याबरोबर चालणारं एक घड्याळ. वर्षभर आम्ही घरात नवं काही आणलं नव्हतं, म्हणून तीही थांबली होती. श्राद्ध झालं, पानं उठली, आणि तिनं दोन्ही वस्तू माझ्यापुढे ठेवल्या. घड्याळ हातात असताना माणूस पडला तर ते आपणहून तिला कळवतं, असं तिनं समजावलं. माझ्या फोनाशी ते घड्याळ जोडता येत नाही. तिची आई पडली तेव्हा घरात कुणी नव्हतं, आणि शेजारच्या बाईंना कळेपर्यंत किती वेळ गेला ते कुणालाच सांगता आलं नाही. मुलगी वर्षभर तेवढाच विचार करत आली होती. मी घड्याळ पाहिलं, छान आहे म्हणालो, आणि फोन बदलायचा नाही असंही म्हणालो.

कारण मी वाचून ठेवलं होतं. माझ्या अँड्रॉइडमधल्या संदेशांची प्रत करून ठेवली तर ती तशाच दुसऱ्या फोनात उघडते, आयफोनात उघडत नाही. तिकडे न्यायचे तर दोन्ही फोन जोडून, दोन्ही सतत चालू ठेवून, सगळं एका दमात न्यावं लागतं. माझ्या फोनाचा दम तेवढा नव्हता. मुलीनं तरी दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा फोन मध्येच मिटला. साधी प्रत करायला गेली तेव्हाही तेच. कॉम्प्युटरला जोडला तर त्या ढिल्या पिनेमुळे कॉम्प्युटर त्याला ओळखच दाखवेना.

मग आम्ही टोपी बाजारात गेलो. तिथल्या एका दुकानदारानं आजवर आमच्या घरातले सगळे फोन दुरुस्त केले आहेत. त्यानं झाकणावरून अंगठा फिरवला आणि फोन हळूच काउंटरवर ठेवला. बॅटरी फुगून पडद्याला चिकटली आहे, काढताना पडदा जाऊ शकतो, फोन कायमचा बंदही पडू शकतो, असं त्यानं सांगितलं. आणि न काढता वापरत राहणंही बरं नाही.

"बाबूजी, आप कहो तो खोल दूँ," तो म्हणाला, "बस बाद में उलाहना मत देना."

दोष कुणाला द्यायची वेळच येऊ नये म्हणून मी फोन उचलून खिशात घातला.

रविवारी भाऊ आला. तो किला गेटपाशी राहतो. त्याचं मत ठरलेलं होतं: दादानं याच प्रकारचा नवा फोन घ्यावा, जुन्याला थोडी विश्रांती द्यावी, हळूहळू प्रत करावी, महिना लागला तरी चालेल. तो चहा ढवळत म्हणाला, "दादा, तू फोनची जात बदलू नकोस. वहिनीचा आवाज तिकडे येणार नाही. आणि या पुणेकरांचं काय ऐकतोस, यांना सगळंच इस्त्री केलेलं लागतं."

मुलगी हसली नाही. महिनाभर बाबा इथे एकटे असणार, घड्याळ नसणार, आणि फुगलेला फोन त्यांच्या उशाशी असणार, असं ती शांतपणे म्हणाली. भाऊ म्हणाला, मी आहे की गावात. त्यावर ती त्याच्याकडे बघत म्हणाली, "काका, आईचा फोन कुणी पुसला?"

भावानं चमचा बशीत ठेवला. मग म्हणाला, "तिचा तांब्याही मीच घासला होता, बाळा."

तो चहा न पिता उठला. मी दारापर्यंत गेलो. चप्पल घालताना तो म्हणाला, तुला जे वाटेल ते कर. मला काय वाटतं हेच मला कळत नव्हतं. नव्या फोनात जिवंत मुलगी होती, जुन्यात गेलेली पत्नी, आणि दोघींना एका ठिकाणी आणायची सोय नव्हती.

दुपारी मुलीनं एक मार्ग काढला. फोन एका वेळी जेवढा वेळ चालतो तेवढ्यात संदेश थोडे थोडे करून तिच्या फोनवर धाडायचे. मिटला की थांबायचं, उठला की पुढे. सगळे जाणार नाहीत, हे तिनं आधीच सांगितलं. ती परवा परत निघणार होती.

मी म्हणालो, मग मी निवडतो.

निवडायचं काम मी जन्मभर केलं आहे. कॉलेजात पाठ्यपुस्तकांच्या समितीवर होतो. एवढ्या मोठ्या ग्रंथातून कोणता उतारा घ्यावा, कोणता गाळावा, याचं मला काही कळतं असं लोक म्हणत. मला प्रथम हवी होती महालक्ष्मीची कहाणी. आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात, तेव्हा घरातली मोठी बाई कहाणी सांगते. माझी आई गेल्यावर ते काम हिच्याकडे आलं. पहिल्या वर्षी ती घाबरली होती, म्हणून तिनं स्वयंपाकघरात एकटीनं पूर्ण कहाणी म्हणून मला पाठवली, चुकते का बघा म्हणून. कुठेही चुकली नव्हती. तिच्या आवाजातली तेवढीच एक लांब, अखंड गोष्ट माझ्यापाशी होती.

पण ती फार वर होती, कैक वर्षं मागे. मुलगी बोटानं पडदा सरकवत राहिली. महिने सरकत होते, फोन तापत होता. मी पुठ्ठ्यानं वारा घालत होतो. फोन मिटला. थोड्या वेळानं उठला, आणि पुन्हा शेवटच्या दिवसावर येऊन थांबला. तिनं पुन्हा सरकवायला सुरुवात केली. पुन्हा मिटला. तिसऱ्या वेळी तिनं हात मागे घेतला.

"बाबा, वर नको जायला. खालून जे येतंय ते पाठवू."

मी म्हटलं, खाली काही नाही. दूध, किल्ल्या, गॅस. कहाणी पुन्हा मिळायची नाही.

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा आईसारखा नाही, माझ्यासारखा आहे. राग आला की तो अगदी स्थिर होतो.

"तुम्ही वर्षभर रोज ऐकताय. माझ्याकडे एकही नाही. मला ती नेहमी फोनच करायची, बोलून झालं की संपलं. मला तुमची निवड नकोय, बाबा. मला आई हवीय."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आमचं दुःख एकच आहे आणि त्याची राखण मी करतो आहे, असं मी धरून चाललो होतो. माझ्या हातातला पुठ्ठा थांबला. फोन उठला होता. मी तो तिच्यापुढे सरकवला आणि म्हणालो, "खालून घे."

ती घेत गेली. काही ऐकत नव्हती, नुसतं खूण करायची आणि धाडायची. फोन अडखळे, मग पुढे जाई. मी तिच्या फोनवर एकेक येऊन पडताना बघत होतो. मध्येच तिच्या बोटाचा धक्का लागला आणि एक संदेश वाजला.

"अहो, ऐकून राहिले का? दाल बाजारात जाताय ना, तर बेसन आणा, पण ते मोटं वालं नको, बारीक. मागच्या वेळी मोटं आणलं होतं तुम्ही. आणि छत्री घेऊन जा, हीरो बनू नका."

हे "ऐकून राहिले का" आता गावात थोड्याच घरांत ऐकू येतं. शेजारपाजारची मुलं मराठीत सुरू करून हिंदीत संपवतात. माझी मुलगी पुण्याला गेल्यावर पहिल्या वर्षी तिच्या बोलण्याला लोक हसले, तेव्हापासून ती तोलूनमापून बोलते. आता तिनं तो संदेश पुन्हा लावला, आणि ओठांतल्या ओठांत आईबरोबर म्हणाली, मोटं वालं नको. मग डोळे पुसून कामाला लागली.

तिच्या शेवटच्या वर्षाच्या मागे, त्याच्याही थोडं मागे आम्ही पोचलो होतो. आणखी एक मूठभर संदेश निवडून तिनं धाडायची खूण केली आणि पडदा काळा झाला. आम्ही वाट पाहिली. शब्दकोशावर वायर ठेवून पाहिली, काढून पाहिली. माझी चहाची वेळ झाली, मी चहा केला, तो प्यायलो. संध्याकाळपर्यंत फोन उठला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तो टोपी बाजारात नेला. दुकानदारानं या वेळी काही विचारलं नाही, उघडलाच. बॅटरी काढून दुसरी लावली. पडदा आला नाही. त्यानं आतली एक हिरवी पट्टी भिंगाखाली धरून बराच वेळ पाहिली आणि मान हलवली. फुगलेली बॅटरी घरी नेऊ नका म्हणाला. मग फोनही मी तिथंच ठेवला. भावाला मी मुलीच्या फोनवरून कळवलं. तो म्हणाला, ठीक आहे. मग त्यानं विचारलं, त्यातलं एखादं मला पाठवशील? मी पाठवलं.

मुलगी गेली. स्टेशनवर निघण्याआधी तिनं माझ्या मनगटावर घड्याळ बांधलं आणि पट्टा एक भोक आवळून घेतला. मी झोपताना ते काढत नाही.

माझ्याकडे आता आयफोन आहे. पत्नीच्या शेवटच्या दीड वर्षाचा आवाज मुलीनं त्यात परत धाडला आहे. त्यात बेसन आहे, किल्ल्या आहेत, गॅसवाला आला होता हे आहे. महालक्ष्मीची कहाणी नाही.