माझ्या होडीला दोर

जवळ ये बघू, कान धरायचाय तुझा. महिना झाला, नुसतं मोबाइलवर "आत्या, खांदा कसा हाय" विचारतीस. रोज शाहूपुरीत कामाला येतीस आणि दहा मिनिटांवरचं माझं घर लांब पडतंय व्हय तुला?

तू का येत नाहीस ते मला ठाऊक आहे. म्हणून त्या दोन दिवसांचं माझ्या बाजूनं लिहिते.

कयाक, म्हणजे ती एकाच माणसाची लांबुडकी होडी, मी साठीत शिकले, तेही मोबाइलवर बघून बघून. मग तुला शिकवलं, मास्तरीणबाईंना शिकवलं. शिरोळचे दूधवाले दाजी पुरात होडी चालवून तयार होऊनच आलेले. आपल्या चौघांत नियम एकच, तोही माझाच: आपली होडी आपण वल्हवायची, आपणच उचलायची. जमत नसेल त्यानं काठावर बसावं. किती तोऱ्यात म्हणायची मी.

या जानेवारीत राधानगरीच्या पुढं, धरणाच्या फुगवट्यावर मुक्कामाला निघालो तेव्हा माझा डावा खांदा आधीच गेलेला. वल्हं उचलताना जीव जायचा. कुणाला बोलले नाही. बोलले असते तर काठावर बसावं लागलं असतं, माझ्याच नियमानं.

त्यात आपली खोड. ठरलं होतं की एकेका वेळचं जेवण एकेकानं आणायचं. आणलं प्रत्येकानं सगळ्या वेळचं. भाकऱ्यांच्या चळती, झुणका, दही, वर दाजींचा खवा. दोन दिवस खाऊनही निम्मं उरलं. टाकवंना, आणि ज्याचं त्याला परत द्यायचं तर करणाऱ्याला वाईट वाटणार. घाला माझ्या होडीत, म्हटलं. मोठेपणा, दुसरं काय.

रविवारी सकाळी परत निघालो, धुकं उठलं आणि समोरून गार वारा सुटला. बोटं वल्ह्यावर वाकडीच राहिली. मी मागं पडले. दाजी टोपी नीट करायच्या निमित्तानं तीनदा थांबले, मास्तरीणबाई पाणकावळे बघायच्या निमित्तानं. मला कळत होतं की सगळं. काठ दिसत होता, पण जवळ येत नव्हता. मग तू वळलीस, माझ्या होडीला तुझी होडी लावलीस.

"आत्या, दोर बांधू?"

"बांध," म्हटलं.

पुढं मी तोंड उघडलं नाही, आणि तुला वाटलं मी रागावले. तू माझी होडी ओढून आणलीस, चिखलातनं गाडीपर्यंत नेलीस, आणि सगळ्या वाटेत माझ्याकडं बघितलं नाहीस.

अगं, राग कसला. दोर ताणला तसं मी वल्हं मांडीवर आडवं टाकलं आणि इतकं बरं वाटलं की माझी मलाच लाज वाटली. गप्प होते ती त्या लाजेनं. किती दमले होते, ते त्या अर्ध्या तासात कळलं बघ.

एकटीची होडी आता बंद, डॉक्टरांनी सांगितलंय. दाजींना फोन करून माझा नियम मीच मोडीत काढला म्हणून कळवलं. ते म्हणाले, दोन माणसांची होडी मिळते की, तुम्ही पुढं बसा, मागं पोरगी वल्हवंल. मी हो म्हटलं नाही, नाहीपण म्हटलं नाही. मागं जी बसणार तिला आधी विचारायला पाहिजे, आणि हे काय मोबाइलवर विचारायचं न्हाय.

तर ये. कामावरनं सुटलीस की सरळ ये, घरी सांगून ये म्हणजे उठायची घाई नको. याच आठवड्यात ये.