बरगडीतली पेन्सिल

"बाराबोअरच. त्यात बघायचं काय?" बापूसाहेब म्हणाले. ते गव्यापासून वीस पावलं लांब, नाकाला अत्तराचा रुमाल लावून उभे होते. तेवढ्यावरून त्यांनी गोळी ओळखली.

कागलजवळच्या उसात गवा मरून पडला होता. मी जनावरांचा सरकारी डॉक्टर, शवविच्छेदन माझ्याकडे. बापूसाहेब रायफल क्लबचे अध्यक्ष. रेंजरसाहेबांनी त्यांना तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. जीपमध्ये बसवलेला तात्या हा संशयित. पीक राखायला त्याच्याकडे परवान्याची जुनी बाराबोअर बंदूक होती. आदल्या संध्याकाळी त्यानं गव्याला हाकलायला बार काढला आणि सकाळी डेअरीवर दूध घालताना सांगून टाकलं, "घातली की गोळी! गवा आडवा!" दुपारी गवा खरंच आडवा सापडला.

"हवेत मारल्याली वो डॉक्टर," तात्या जीपमधून ओरडला. "डेअरीवर जरा वाढवून सांगिटलं. कोण सांगत न्हाय?"

मी रिपोर्टात 'बाराबोअर' लिहिलं, की तात्या काही वर्षांसाठी आत जाणार होता.

बाराबोअरची एकसंध गोळी अंगठ्याएवढी जाड असते. बोथट आणि त्या मानानं संथ. गव्याच्या खांद्यात ती मुसळासारखी घुसते आणि बहुतेक वेळा आतच अडकते. इथं कातड्यावरच्या भोकात माझी करंगळीसुद्धा जाईना.

"कातडं आकसतं," बापूसाहेब लांबूनच म्हणाले.

बरोबर होतं. म्हणून कातडं सोलून बरगडीपर्यंत गेलो. हाड आकसत नाही. बरगडीत गोल भोक होतं. खिशातली पेन्सिल त्यात घट्ट बसली. पलीकडच्या बाजूला तसंच दुसरं भोक. मधलं फुप्फुस दाभणानं टोचल्यासारखं, आणि जखमेत पू.

"ही रायफलची गोळी," मी म्हणालो. "आणि पू धरलाय म्हणजे कालची न्हवे. तीन दिवस तरी झालेत."

बापूसाहेब हसले. "अहो डॉक्टर, रायफलची गोळी किती वेगात जाते ठाऊक आहे का? जनावर जागच्या जागी बसतं. तीन दिवस चालंल व्हय?"

हा गैरसमज पुष्कळांचा असतो. नुसत्या वेगानं जनावर पडत नाही. मऊ नाकाची गोळी आत जाऊन छत्रीसारखी उघडते, तिथं वेग कामाला येतो. टोकदार आणि पूर्ण पत्रा चढवलेली गोळी न उघडता आरपार जाते. गव्याच्या वाट्याला भोक आलं, वेग पलीकडच्या उसात गेला.

मी हात धुतले. "बापूसाहेब, क्लबात निशाणाला कसली गोळी असते?"

"सरावाची."

"टोकदार?"

त्यांनी घड्याळ बघितलं. "टोकदारच असणार की." रेंजरसाहेब चिखलात काही तरी शोधू लागले. पाच मिनिटांत बापूसाहेबांची गाडी गेली. कोल्हापुरात एक सत्कार होता म्हणे.

मग हळूहळू सगळेच गेले. पुरायचा खड्डा भरेपर्यंत डॉक्टरनं थांबायचं, असा नियम. जेसीबी मातीचे ढीग ओढत होता. गवा म्हातारा, कळपानं बाहेर काढलेला. फुप्फुसात भोक घेऊन तो तीन दिवस परक्या उसात एकटा हिंडला, आणि त्याला पाहून तात्यानं वर हवेत बार काढला. मी तिथं जेवढा वेळ उभा राहिलो, तेवढा वेळ त्याच्यासोबत त्या तीन दिवसांत बहुधा कुणी नव्हतं.

तात्या सुटला. जप्त केलेली बंदूक आठ महिन्यांनी परत मिळाली. गोळी कुणाची, ते फायलीत अजून 'तपास चालू' आहे. क्लबच्या वार्षिक समारंभाचं निमंत्रण मला दरवर्षी यायचं, ते बंद झालं. नंतर मीही निवृत्त झालो. आता उचगावात एकटाच असतो. फोन क्वचित वाजतो, तोही बँकेचा.

नव्या डॉक्टरांना एवढंच सांगतो: तज्ज्ञ किती लांब उभा आहे ते आधी बघा. आणि खिशात पेन्सिल ठेवा. पेन हाडात बसत नाही.