चीक कुणाचा

"ओत त्यात," मळ्याच्या मालकीणबाई, वैनीसाब, म्हणाल्या.

त्यांनी बोट दाखवलं ती कुत्र्याची थाळी होती. जर्मन धातूची, कडा चेपलेली. मी नऊ वर्षांची. दोन्ही हातांत तांब्या, तांब्यात आमच्या म्हशीचा पहिला चीक. पिवळाजर्द, दाट, अजून कोमट. वस्तीपासून मळ्यापर्यंत मी तो जपत आणला होता. सांडला तर आई मारेल, ही एक भीती. मळ्यावरचं कुत्रं चावेल, ही दुसरी. आणि वैनीसाब काय बोलतील, ही सगळ्यांत मोठी.

मी ओतला. कुत्र्याने चपचप चाटून खाल्ला. वैनीसाबांनी माझ्या तांब्याला हात लावला नाही. आमचं भांडं त्यांच्या घरात कुणीच शिवत नसे. "आईला सांग, पोचला म्हणावं," एवढं बोलून त्या आत गेल्या.

घरी येऊन मी रडत सगळं सांगितलं. आईने माझं तोंडच दाबलं.

"हळू बोल. कुणी ऐकलं तर बांध बंद करतील."

आमच्या घराला एक गुंठाही जमीन नाही. पण दावणीला म्हैस नाही असा दिवस आजीपासून आम्ही पाहिलेला नाही. म्हैस जगते वैरणीवर, आणि वैरण मळेवाल्यांच्या उसाच्या बांधावर. तिथलं गवत कापायची मुभा आधी आजीला होती, मग आईला, मग मला. बदल्यात रोज सकाळी त्यांच्या गोठ्यातलं शेण काढायचं, फुकट. आणि आपली म्हैस व्याली की पहिला चीक मळ्यावर पोचवायचा. त्या घरात आमच्या वस्तीतलं दूध चालत नव्हतं. चीकही नाही. पण त्यांना त्यावरचा हक्क सोडवत नव्हता.

त्या साली आमचं रेडकू चौथ्या दिवशी मेलं. आधी हगवण लागली, मग मान टाकली. आजी म्हणाली, गोठ्याला नजर लागली. दाराला लिंबू-मिरची बांधली. पुढच्या खेपेलाही तेच झालं. वस्तीत रीतच अशी होती. म्हैस व्याल्यावर रेडकामागून गर्भाची वार पडेपर्यंत त्याला आचळाला लावायचं नाही. वार पडली की पहिली धार काढायची ती मळ्याची. रेडकाचा नंबर त्यानंतर. तोवर ते दाव्याला बसून हंबरत राही, आणि आम्ही दाराला आणखी एक लिंबू बांधत असू.

माझं लग्न आत्याच्या पोराशी झालं, त्याच गल्लीत. नवरा शिरोलीला फौंड्रीत कंत्राटावर लागला. घर बदललं, बांध तोच राहिला. मळ्यावरचे थोरले मालक गेले, त्यांचा मुलगा मालक झाला. मी दोन लेकरांची आई झाले. तरी त्यांच्या गोठ्यात शेण भरताना मागे चप्पल वाजली की माझी छाती धडधडायची. काही चुकलं नसलं तरी. भ्यायला कारण लागतच नव्हतं.

मागच्या खेपेला रेडी मरणाला टेकली. माझ्याने बघवेना. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. तरुण पोरगी, कुरुंदवाडकडची.

"चीक कधी पाजला?"

"दुसऱ्या दिवशी."

"आणि पहिला?"

मला सांगताना लाज वाटली. "मळ्यावर दिला."

त्यांनी सुई भरायला घेतली. मग म्हणाल्या, "मावशी, पहिल्या तासात चीक पोटात गेला तरच रेडकाला रोगाशी झगडायची ताकद येती. वारेची वाट बघायची न्हाय. मी आता सुई टोचते, पण खरं औषध तुम्ही देऊन बसलाय."

सांजेला रेडी गेली.

मी तिच्याशेजारी बसून होते. रडू आलं नाही. राग आला. नजर कुणाची नव्हती. हात आमचेच होते. बांध जाईल या भीतीने तीन पिढ्या आम्हीच आमची रेडकं मारली, आणि त्यांचं औषध कुत्र्याला चारलं.

यंदा म्हैस भर दुपारी व्याली. पुन्हा रेडीच. मी कास धुतली, पहिली चिळकांडी जमिनीवर सोडली आणि रेडीला उचलून आचळाला लावलं. आई धावत आली.

"आगं, काय करतीस? वार तरी पडू दे. मळ्यावर काय सांगायचं?"

"मी सांगती."

रेडी चुटूचुटू पीत होती आणि माझे कान रस्त्याकडे होते. रेडीचं पोट भरल्यावर उरलेला चीक मी काढला, खरवस केला आणि गल्लीतल्या लेकरांना वाटला.

दिवस कलताना मालकांची जीप गल्लीच्या तोंडाशी थांबली. ते खाली उतरले नाहीत.

"चीक आला न्हाय गं."

"रेडीनं पिला, मालक."

"सगळा?"

"उरलेला वस्तीतल्या पोरांनी खाल्ला."

ते हसले. "बरं. उद्यापास्नं बांधावर पाय ठिवू नकोस. म्हशीस्नी काय घालतीस ते बघतो की."

जीप गेली. आई कपाळावर हात मारून रडायला लागली. नवरा कामावरून आला तो चिडूनच. "पाण्यात ऱ्हाऊन माशाशी वैर कशाला?"

"त्या माशाला आपण आजवर काय काय चारलंय ते आठव," मी म्हणाले.

तो जेवला नाही. पण दुसऱ्या दिवशी येताना मोटरसायकलला उसाच्या वाड्याचा, म्हणजे हिरव्या शेंड्यांचा, भारा बांधून आला.

शेण काढायला मी त्या दिवसापासून गेले नाही. तीन म्हशींना वैरण पुरेना, म्हणून एक विकली. ती जाताना मान वळवून हंबरली, ते अजून कानात आहे. उरलेल्या दोघींना कालव्याकडेचं गवत आणि विकतचं वाडं. रेडी मात्र चौथा दिवस ओलांडून दाव्याला उड्या मारते आहे. आम्हाला पुरं पडेल की नाही, ठाऊक नाही. जीपचा आवाज आला की अजून हातातलं काम सुटतं. भीती गेली, असं कुणी सांगत असेल तर खोटं सांगतंय.

परवा शेजारची पारू कुंपणापाशी आली. तिची म्हैस चार-आठ दिवसांत विणार. तीही त्याच बांधावरची. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाली, "आक्का, मी काय करू?"

"विताना मला हाक मार."

मी जाणार आहे. रेडकाला आधी आचळाला लावणार आणि पारूच्या दारात उभी राहणार. जीप आली तर पारूशी नाही, माझ्याशी बोलावं लागेल. माझे पाय कापतील, मला माहीत आहे. कापू देत. दारातून हलणार नाहीत.