पोटात काहीतरी घालून घ्यायची गोळी

आमच्यासारख्यांचे किस्से घरी सांगायची सोय नसते, म्हणून ते दवाखान्याच्या पायरीवर साठतात. भोरच्या सरकारी दवाखान्यात आम्ही एचआयव्हीवाले गोळ्या घ्यायला एकाच दिवशी येतो. लोक म्हणतात, बिचारे! कसले डोंबलाचे बिचारे? आमच्याइतकं हसतं कोण?

एकदा आहाराच्या मॅडम आल्या. अंडी खा, दूध घ्या, फळं खा! माझ्या शेजारी मार्गासनीची सुशीला. नवरा गेल्यापासून दीर-जावेच्या घरात राहते, चुलीपाशी जायची बंदी. जाऊ उंबऱ्याशी ठेवेल तेवढंच खायचं. उपाशीपोटी गोळी घेतली की तिला उलटी होते, गोळी बाहेर. तिनं हात वर केला.

"मॅडम, ही फळं गोळ्यांच्याच खिडकीत मिळत्यात का दुसऱ्या?"

मॅडमनी पुढचा तक्ता लावला.

गुंजवण्याच्या दगडूभाऊंना देवऋष्यानं सांगितलं, गुरुवार-शनिवार उपास करा, रोग उतरेल. मी भडकले. "अहो भाऊ, उपाशी राहून मराल!"

"अगं, उपासाच्या दिवशीच सून साबुदाणा करती. तेवढा बंद नको करू!"

आमच्याकडं भातलावणीला इर्जिक करतात. सगळ्यांनी एकमेकांच्या खाचरात राबायचं, ज्याचं खाचर त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. सुशीलाचा हात लावणीला लई चपळ. दिवसभर चिखलात ती सगळ्यांच्या बरोबरीनं. जेवताना मात्र तिची पत्रावळ लांब, बांधावर. तिनं तिथूनच आवाज दिला, "बायांनो, ह्यो भात दिवाळीत तुमीच खाणार न्हवं? म्या लावलेल्या वळीला खूण करून ठेवू का?"

 कालवण तिच्यापर्यंत आलंच नाही.

वजन घटलं की सिस्टर घरी फोन करते, "बाईला जेवायला देता ना?" भलं करायला जाते हो! पण फोन गेला की जाऊ खवळते, "आमची बदनामी करती!" आणि त्या दिवशी सुशीलापुढं तुकडाही येत नाही. म्हणून एकदा ती वजनाला दोन साड्या नेसून आली. मे महिन्यात!

"एवढं काय गं अंगावर?"

"थंडी वाजती, सिस्टर."

घामानं नुसती निथळत होती. मला हसू आलं, आणि कुणाचं तरी थोबाड फोडावंसंही वाटलं.

लग्नसराईत मात्र तिचं वजन खरंच वाढलं. एसटीनं लांबच्या गावाला जायचं, मांडव दिसला की पंगतीला बसायचं. नवरीकडच्यांना वाटतं नवऱ्याकडची, नवऱ्याकडच्यांना वाटतं नवरीकडची. पोटभर जेवायचं, तिथंच गोळी घ्यायची. चोरी म्हणा खुशाल!

उत्रोलीच्या लग्नात अशीच बसली होती. शेजारची जागा रिकामी. घरच्या बाईनं एका पाहुणीला हाताला धरून तिथं बसवलं. भात-वरण वाढून झालं, श्लोक झाला, पहिला घास घेऊन पाहुणीनं मान वळवली. सुशीलाची जाऊ! आता भरल्या पानावरून उठायचं कसं? उठावं तर चारचौघं कारण विचारणार. घरातला रोग आपल्याच तोंडानं कसा सांगायचा? जाऊ खाली मान घालून घास गिळत राहिली.

तेवढ्यात जिलबी वाढणारा आला. सुशीलानं त्याला थांबवलं.

"ह्यांना आग्रह करून वाढा, दादा. आमच्या सख्ख्या जाऊबाई हायत. लई वर्सांनी एका पंगतीला बसलोय!"