तीन मजल्यांचं हळदीकुंकू

रामघाटावरच्या बकुळ पाध्येला गल्लीतल्या गाईसुद्धा वाट देतात, असं तिची मुलगी म्हणते. बाई चालतेच तशी. बोलते तर त्याहून वेगाने, अर्धं घरच्या मराठीत, अर्धं गावच्या हिंदीत. इस्पितळात पर्चीच्या, म्हणजे नावनोंदणीच्या खिडकीवर बसून तिने आजारी माणसांची इतकी टोलवाटोलवी पाहिली, की घरसेवेची नवी योजना आली तेव्हा समन्वयकाच्या कामासाठी तिने आपणहून हात वर केला.

योजना मोठी देखणी. इस्पितळ आणि समाजकल्याण कार्यालय यांनी मिळून घरी पडलेल्या म्हाताऱ्यांची काळजी घ्यायची. प्रत्यक्षात दोघांची तोंडं दोन दिशांना, आणि मधे निरोप घेऊन पळणारी बकुळ.

लीलाताई घाणेकरांपाशी तर घोडं पारच अडलं. मंगला गौरीच्या देवळाजवळ तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या या गाण्याच्या बाई. लग्न केलं नाही, मोहल्ल्यातल्या पोरींना गाणं शिकवण्यात जन्म काढला. बकुळही त्यांचीच शिष्या आणि त्यांच्या मते सगळ्यांत बेसूर. थंडी सरता सरता त्या पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. भाचा गोपीनाथ नदीपलीकडचं, रामनगरचं दुकान बंद ठेवून सोबतीला येऊन राहिला. पण दुकान किती दिवस बंद ठेवणार? आत्याला रामनगरला न्यायची त्याची तयारी होती. आत्याची नव्हती.

"गोपी गुणी आहे गं," लीलाताई म्हणाल्या. "सूनबाईही जीव लावेल. पण तिथे मी पाहुणी. आणि या पोरी काय होडीत बसून सा लावायला येणार?"

म्हणजे घरी एक मदतनीस हवी. ती नसेल तर एकटं ठेवायचं नाही, असं डॉक्टर देवयानींनी बजावलं होतं. मदतनीस द्यायची समाजकल्याणच्या दीनानाथ मिश्राजींनी, आणि ते म्हणत, "डॉक्टरसाहिबा से लिखवाइए कि चल नहीं सकतीं।" हे ऐकून देवयानी भडकत. "मी स्वतः चालवलंय त्यांना! खोटं कसं लिहू?" बकुळने बैठक बोलावली, तर डॉक्टरांचं ऑपरेशन निघालं. पुन्हा बोलावली, तर मिश्राजींचा दौरा निघाला.

तेवढ्यात चैत्र आला. लीलाताईंच्या घरी आईची गौर दरवर्षी झोपाळ्यात बसते. बकुळच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बैठक टाळणारं माणूसही हळदीकुंकू टाळत नाही, कारण गौरीचं बोलावणं मोडायचं नसतं. तिने देवयानींना आमंत्रण दिलं. मिश्राजींच्या पत्नीला दिलं, आणि पन्हं आहे म्हटल्यावर मिश्राजीही निघाले.

"आज पलंग सोडायचा नाही," बकुळने लीलाताईंना दटावलं. "आणि जरा आजारी दिसा."

लीलाताईंनी शहाण्यासारखी मान हलवली आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. पाहुणे आले. बकुळ स्वयंपाकघरात आंब्याच्या डाळीला फोडणी देत होती. बाहेर मिश्राजींच्या पत्नी गौरीपुढे उभ्या, आणि त्यांना कुंकू लावायला कुणी नाही! मराठी घरात सवाष्ण आली आणि तशीच उभी राहिली, हे लीलाताईंना कसं सोसावं? त्यांनी पांघरूण फेकलं, वॉकर ओढला, तुरुतुरु गौरीपाशी गेल्या आणि हळदीकुंकू लावून ओटीत हरभरेही घातले.

"अरे! माताजी तो चल रही हैं!" मिश्राजींचा पन्ह्याचा पेला हातातच राहिला.

बकुळने झारा घेऊन बाहेर येत कपाळाला हात लावला. सगळं मुसळ केरात!

"चल रही हैं, मैं यही तो कह रही थी," देवयानी म्हणाल्या.

"तो फिर सहायिका का क्या काम?"

"तो अकेली कैसे रहेंगी?"

निरोपानिरोपी खूप झाली होती, पण एकमेकांचं बोलणं समोरासमोर ते दोघं आज पहिल्यांदा ऐकत होते.

"मिश्राजी," लीलाताई शांतपणे म्हणाल्या, "आदमी पैरों के लिए नहीं, सीढ़ियों के लिए चाहिए।"

मिश्राजी तोच जिना नुकताच चढून आले होते. त्यांची धाप अजून बसली नव्हती. त्यांनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं, मग दाराबाहेरच्या अंधाऱ्या उभ्या पायऱ्यांकडे.

"सीढ़ी नहीं चढ़-उतर सकतीं, इतना लिख देंगी?"

"आत्ता देते. ते खरंच आहे," देवयानी मराठीतच बोलून गेल्या, आणि मिश्राजींना ते बरोबर कळलं.

गीता नावाची मदतनीस कामावर आली. गोपीनाथ आत्याला नमस्कार करून दुकानाकडे पळाला. पोरींचा सा पुन्हा गल्लीत ऐकू येऊ लागला.

अक्षय्यतृतीयेच्या आदल्या दिवशी बकुळकडे हळदीकुंकू होतं. लीलाताईंना तिने बोलावलंच नव्हतं. बिचाऱ्या कशा येणार, म्हणून त्यांच्यासाठी डाळीचा डबा भरून ठेवला होता. तो उचलून ती दाराकडे वळली, तर उंबऱ्यावर लीलाताई उभ्या. एक हात काठीवर, दुसरा गीताच्या खांद्यावर, चेहरा घामाने डबडबलेला.

"काय गं, मला बोलावणं नाही?"

"ताई, तीन मजले..."

"उतरले. मधे मधे बसत उतरले. आता आधी कुंकू लाव."

बकुळने डबा बाजूला ठेवला. तिने घाईघाईने करंडा पुढे केला, आणि त्या घाईत कुंकू कपाळाऐवजी भुवईवर लागलं.

"कुंकूसुद्धा बेसूरच लावतेस," लीलाताई म्हणाल्या, आणि डाळीच्या डब्यासाठी हात पुढे केला.