आमच्या गाऱ्हाण्यातला कोलमन

मी गाव सोडलं त्या सकाळी यष्टी पाराजवळ उभी होती आणि माझे बाबा रवळनाथाच्या देवळात गाऱ्हाणं घालत होते. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. बाबांना काय त्याचं! चारही सीमांवरच्या देवांना हाका मारून झाल्याशिवाय ते माझ्यापर्यंत येणारच नव्हते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या सिंधुदुर्गात देवाकडे काही मागायचं तर एक माणूस मोठ्याने बोलतो, एकेका देवाला नावाने बोलावतो आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्यामागे "व्हय म्हाराजा" म्हणतात. ते गाऱ्हाणं. त्या दिवशी कंडक्टरच खाली उतरून "व्हय म्हाराजा" म्हणायला लागला, लवकर आटपावं म्हणून. बाबा शेवटी म्हणाले, "थयसर ह्येका कोण वळाखता की नाय, माका म्हायत नाय म्हाराजा. म्हणान हयसूनच सांगान ठेवतंय." मी चोवीस वर्षांचा होतो. बसमधली माणसं बघत होती आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

तुम्ही जे गावात राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे सौदीत जुबैल-दम्मामच्या बाजूला येऊन पडलात, दोघांनाही हे सांगायचं आहे.

मी इथे पाइप फिटर म्हणून आलो, आता फोरमन आहे. रास अल खैरला समुद्राचं खारं पाणी गोडं करतात, त्या पाइपांत माझी हयात गेली. तेव्हा खिशातला इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, दिवसातून दहा वेळा चाचपायचो. आता तो फोनमध्ये असतो आणि मला आठवतही नाही. जीभही बदलली. सुट्टीवर गेलो की मासळीवालीला इथल्या अरबीत "खलास?" म्हणजे झालं का, म्हणून विचारतो आणि पोरं हसून लोळतात. हसा, हसा. तुमच्या बापाचं अर्धं आयुष्य त्या एका शब्दात गेलंय.

एक मात्र बदललं नव्हतं. जत्रेचं गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. आजोबांनी घातलं, बाबांनी घातलं. मी बाहेर असलो तरी बाबा खणखणीत होते, त्यामुळे माझं काही अडलं नाही. मग गेल्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण जीभ जड झाली. चार शब्द बोलले की दम लागायचा. आणि जत्रा आली नेमकी आमच्या शटडाऊनमध्ये, म्हणजे युनिट बंद करून दुरुस्ती करायच्या दिवसांत. सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द. गावातून निरोप आला की यंदा या घराचा आवाज देवळात झाला नाही, तर मान दुसऱ्या भावकीकडे जाईल. माझी बायको सुनंदा फोनवर म्हणाली, "बाबा कायच बोलनत नाय. जेवूकय नको म्हणतत. नुसते देवळाकडे बघीत बसतत." मला ते सहन होईना. एकुलता एक मुलगा आणि तो कुठे, तर वाळवंटात गॅस्केट मोजत बसलेला!

गावकरांनी, म्हणजे आमच्या पहिल्या मानकऱ्यांनी, शेवटी तोड काढली. "आवाज त्या घराचो व्हयो. पाय खयंय असांदेत." म्हणजे मी फोनवरून घालायचं. बाबांना हे कळलं तेव्हा ते म्हणे दोन वाट्या पेज जेवले.

सगळे खूश. मी सोडून. कारण खरं सांगायचं तर मला गाऱ्हाणं येत नव्हतं. रवळनाथ, सातेरी, पावणाई, इथपर्यंत ठीक. पुढे गांगो आधी की चव्हाटो, नदीकाठचा राखणदार कुठे आणि घाटीवरचा कुठे, सगळा गोंधळ. क्रम चुकला की ज्याला मागे टाकलं तो रुसतो. मी म्हटलं, बाबा, लिहून घेतो. तर ते जड जिभेने म्हणाले, "देवाक कागद कित्याक?" झालं. रोज संध्याकाळी ते फोनवर तीन नावं सांगायचे, धापा टाकत, आणि मी दुसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत केबिनचं दार लोटून ती घोकायचो.

त्या केबिनमध्ये समोरच्या टेबलावर रोनन बसायचा. आयर्लंडचा, वेल्डिंग तपासणारा इन्स्पेक्टर, पन्नाशीचा, लालबुंद तोंडाचा. चार दिवस त्याने ऐकून घेतलं आणि पाचव्या दिवशी विचारलं, "कुणाला एवढ्या हाका मारतोस?" मी माझ्या साइटवरच्या इंग्रजीत सांगितलं. मला वाटलं हसेल. तो म्हणाला, "माझी आई असंच करायची. ती संतांची नावं घ्यायची, एकामागून एक, आणि आम्ही भावंडं प्रत्येक नावाला, आमच्यासाठी प्रार्थना करा, असं म्हणायचो."

मग त्याची कळी खुलली. त्यांच्याकडे म्हणे गावागावाचा वेगळा संत, हजार-दीड हजार वर्षांपूर्वीचा. रोमच्या पोपला कुणी विचारलंच नाही, गावाने ठरवलं हा संत, झाला संत. रोनन हेही संताचंच नाव, केव्हिन, ब्रेंडन, डेक्लनही. आणि कोलमन नावाचे तर शेकड्याने! एकदा एका मठाधिपतीने नदीकाठी हाक मारली, "कोलमन, पाण्यात उतर," तर बाराजण धबाधब उतरले. मी पोट धरून हसलो. आमच्या जत्रेत "बाळ्या" म्हणून ओरडून बघा!

रोननच्या गावचा संत त्यातलाच एक कोलमन. गावाबाहेर त्याचं पाणी, म्हणजे झरा. त्याच्या दिवशी लोक हातात खडे घेऊन झऱ्याला उजवीकडून फेऱ्या घालतात, एका फेरीला एक खडा टाकतात. संताची हातघंटा पिढ्यान् पिढ्या एकाच घरात असायची आणि ती उचलायचा मान त्याच घराचा. ते घर रोननचं. आजोबांच्या वेळी घंटा शहरात गेली, आता काचेच्या पेटीत आहे. "हे संत देवासाठी घर सोडून होडीत बसायचे," तो म्हणाला. "घर सोडणं हीच मोठी तपश्चर्या. आपण ओव्हरटाइमसाठी सोडलं." मग म्हणाला, "आता झऱ्यावर तीन-चार म्हाताऱ्या येतात. त्या गेल्या की शेकडो कोलमनांतला आमचा कुठला, हे कुणाला कळणार?" मी त्याला चहा दिला.

त्यानंतर आमचा सरावच सुरू झाला. मी नावं घ्यायचो, रोनन हेल्मेट मांडीवर ठेवून "व्हय म्हाराजा" म्हणायचा, असा काही गंभीरपणे की आमच्या गावकरांनी मान डोलवावी. आणि एवढी साथ देतो बिचारा, म्हणून शेवटच्या राखणदारानंतर मी त्याच्या संताचंही नाव घ्यायचो. "पाण्यावरच्या कोलमना म्हाराजा." रोज, महिनाभर.

आता तुम्हाला कळलंच असेल पुढे काय झालं.

जत्रेच्या दिवशी गावात दुपारचे बारा, आमच्याकडे साडेनऊ. सुनंदाने फोन देवळातल्या माइकपाशी धरला. मी उभा राहून, बूट काढून, डोळे मिटून सुरू केलं. एक नाव अडखळलं नाही. गांगो, चव्हाटो, नदीकाठचा, घाटीवरचा, आणि त्याच दमात, "पाण्यावरच्या कोलमना म्हाराजा!" आणि अख्ख्या गावाने, चालीत असल्यामुळे, दणकून म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

समोर रोननने तोंडावर हात ठेवला होता. एवढ्या पिढ्यांचा मान, आणि मी त्यात परका देव घुसवला! तिकडून गावकरांचा आवाज आला, "ह्यो खयचो रे?" कुणीतरी म्हणालं, चूक झाली, मान गेला. तेवढ्यात बाबांचा आवाज, तुटत तुटत. "लांबचो पावणो. बोलवल्यार इलो. आता उठवतलास कसो?" मग गावकर म्हणाले, "फुडे चलू दे." मी पुढे चाललो, रडत रडत, आणि शेवटपर्यंत नेलं.

यंदा मी जत्रेला स्वतः गेलो. बाबा मंडपात खुर्चीवर बसले होते. मी शहाणपणा करून कोलमन गाळला. तर गावाचं व्हय म्हाराजा थांबलं. मागून एक म्हातारा खेकसला, "अरे, तो पाण्यावरचो रव्हलो मा!" मी नाव घेतलं. गाव म्हणालं, व्हय म्हाराजा. बाबांनीही म्हटलं, त्या जड जिभेने.

रोनन आता जिझानच्या कामावर आहे. मी त्याला फोन लावून सांगितलं. तो म्हणाला, बहिणीचं पत्र आलंय, यंदा झऱ्यावर कुणीच आलं नाही. "म्हणजे आता त्याला हाक मारणारं एक तुमचंच गाव राहिलं." मी म्हटलं, मग ते गाव तुझंही झालं, पुढच्या जत्रेला ये. तो बोलता बोलता रडला आणि मीही.

घर म्हणजे काय, हे तुम्ही मला गाव सोडताना विचारलं असतंत तर मी कौलं, आंगण, माड असं काही सांगितलं असतं. आता मला एवढंच कळतं की आपलं नाव घेतल्यावर चार माणसं जिथे ओ देतात ते घर. रोननने विचारलं, "खरंच येऊ?" मी म्हटलं, "पुढच्या खेपेला गाऱ्हाण्याच्या शेवटी परमुलखातल्या लेकरांसाठी मागतो, तिथे तुझं नाव घेतो. गावाने व्हय म्हटलं की तुला यावंच लागेल."