मिससाहेबांची शिकवणी

माझी कादंबरी चार कोंबड्या, एक पेटी आणि एक मडम यांच्या जिवावर लिहिली जात होती.

युद्धाचे दिवस होते. आमचे पपा नगरला मिशनच्या शाळेत हेडमास्तर. त्यांनी माझ्यासाठी पुणतांब्याच्या शाळेत नोकरी बघून ठेवली होती. मी म्हटलं, "पपा, मला लेखक व्हायचंय. पुणतांब्यात छापखाना नाही."

"आधी कादंबरी लागते शमू, मग छापखाना," पपा म्हणाले.

शेवटी आई मध्ये पडली आणि तह झाला. नाताळपर्यंत मी स्वतःचं पोट स्वतः भरून दाखवलं, तर नगरात राहून खुशाल लिहायचं. नाहीतर मुकाट्याने पुणतांब्याची गाडी धरायची.

मग मी पोटाच्या मागे लागलो. कँपात गोऱ्या पलटणी उतरल्यामुळे अंड्यांना मागणी होती, म्हणून कोंबड्या पाळल्या. (त्या माझ्या टेबलाखाली राहत. मी संवाद मोठ्याने म्हणू लागलो की अंडी घालायच्या बंद होत. माझ्या लेखनावरची ती पहिली टीका!) शिवाय लग्नांत पेटी वाजवू लागलो. तिची एक पट्टी दाबली की वर येत नसे, त्यामुळे प्रत्येक गीतामागे एक भोंगा चाले. लोक ठरलेले पैसे देत, पण त्या घरातल्या पुढच्या लग्नाला दुसरा वाजवणारा असे.

खरा आधार होता तो मिससाहेबांचा. या मिशनच्या कामासाठी अमेरिकेहून नव्याने आल्या होत्या, आणि मी पैसे घेऊन त्यांना मराठी शिकवत होतो. उंच, सडपातळ आणि अभ्यासाला वाघीण. डिसेंबरात त्यांची मराठीची परीक्षा होती. त्या पास झाल्या तर त्यांना खेड्यापाड्यांत काम करायची परवानगी मिळणार होती, आणि मागून येणाऱ्या सगळ्या मिसा माझ्याकडेच शिकवणीला! म्हणजे पुणतांबं कायमचं टळलं.

पण मिशनने नेमलेल्या पुस्तकात "ही गाय आहे. गाय गवत खाते" असले धडे होते. मिससाहेब जांभया देऊ लागल्या. इकडे माझी कादंबरी, 'कृतघ्न कमळाजी अथवा विश्वासघाताचा वणवा', ऐकायला घरात कुणी तयार नव्हतं. पपांना दुसऱ्या पानावर झोप लागे. आईला नेमकी तेव्हाच ज्वारी पाखडायची असे. मी मनाशी म्हटलं, गाईपेक्षा कमळाजी काय वाईट?

दुसऱ्या दिवशी गाय बंद झाली. मिससाहेब कमळाजीवर अशा तुटून पडल्या की काय सांगू! पानंच्या पानं पाठ! उच्चार तर पुण्याच्या भिक्षुकाने मान डोलवावी इतके शुद्ध.

"मास्तर, हे वाक्य लोक केव्हा बोलतात?"

"भाव जास्त वाटला की."

"आणि हे?"

"नको म्हणायचं असलं की." (कादंबरीत त्या जागी खून होता. पण इतक्या बारकाव्यात कशाला शिरा!)

आठवड्याभरात भाजीबाजारात सरूबाईने मला गाठलं. ही वांगी विकायला बसायची.

"मास्तर, तुमच्या त्या मडमला काय हुतंय का वं?"

"का? काय झालं?"

"वांग्याचा भाव सांगितला, तर डोळं वटारून म्हनली, 'कैदाशिणी, या अबलेचा तळतळाट तुला भोवल्याशिवाय राहणार नाही!' आता काय करावं मानसानं? समदी पाटी तिच्या पुढ्यात वतली. म्हनलं, बाई, फुकट न्या, पन सराप नगा दिऊ!"

शहाण्या माणसाने तिथेच थांबायचं. मी मात्र हरखून गेलो! माझं एक वाक्य, आणि अख्खी पाटी वांगी! सरूबाईला वांग्यांचे पैसे दिले आणि त्याच दिवशी पुढचं प्रकरण शिकवायला घेतलं.

मग आईने मिससाहेबांना जेवायला बोलावलं. त्यासाठी माझ्या एका उत्पन्नाचा रस्सा झाला. मिससाहेब मांडी घालून निमूट जेवल्या. आई पळी घेऊन आग्रहाला उठली. "घ्या हो, लाजू नका. थोडाच वाढते."

मिससाहेबांनी ताटावर हात आडवा धरला आणि अतिशय गोड हसून म्हणाल्या, "बस्स! तुझ्या या मधाळ बोलण्यामागचं काळं कारस्थान मी पुरतं ओळखून आहे!"

पळी हवेतच राहिली.

"शमू, काय म्हणतायत या?"

"पुरे म्हणतायत, आई."

"इतकं लांबलचक?"

"अमेरिकेत तशीच पद्धत आहे."

आईचा चेहरा बघून मिससाहेबांना वाटलं, आभार मानायचे राहिले. त्या म्हणाल्या, "तुझे हे उपकार मी सव्याज फेडीन! फक्त वेळ येऊ दे!" आईने विळी पायाने हळूच फडताळाखाली सरकवली. पपा चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले, आणि मला एकदम आठवलं की परीक्षा घेणाऱ्या तिघांत पपाही आहेत!

मी घाबरून गाय परत आणली. मिससाहेबांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. "नको, मास्तर. गाईचं पुढे काहीच होत नाही."

परीक्षेच्या दिवशी मी शाळेच्या खिडकीला चिकटून उभा होतो. पपांनी विचारलं, "समजा, खेड्यात एका आजारी बाईला भेटायला गेलात. तिला काय म्हणाल?"

मिससाहेबांनी छातीवर हात ठेवला. "हाय हाय! अखेर काळाने तुझ्यावर झडप घातलीच! आता वैद्य, हकीम, कुणी कुणी तुला वाचवू शकणार नाही!"

पाद्रीसाहेबांच्या हातून टाक पडला. पपा शांतपणे म्हणाले, "बरं. तिचा नवरा शेजारी रडतोय. त्याला धीर द्या."

"ऊठ! पूस ते अश्रू! उपस तलवार आणि शत्रूच्या रक्ताने न्हाऊन नीघ!"

"अहो बाई," म्हातारे पाळक कळवळून म्हणाले, "आपल्यात शत्रूवर प्रीती करतात!"

"हे सगळं शिकलात कुठे?" पपांनी विचारलं.

"माझ्या मास्तरांचा फार थोर ग्रंथ आहे," मिससाहेबांनी अभिमानाने खिडकीकडे बोट केलं. मी खाली बसलो, पण जरा उशिराच.

पपा घरी येऊन ओरडले नाहीत. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

"शमू, ते सगळे संवाद तूच लिहिलेस?"

"हो, पपा."

"कुणाची मदत नाही?"

"नाही."

"ठीक. पुणतांब्याला कळवतो, याला फक्त गणित द्या."

नाताळ झाल्यावर मी गाडीत बसलो. मिससाहेब स्टेशनवर आल्या होत्या. डोळ्यांत पाणी. मला वाटलं, माझ्यासाठी.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "कमळाजी शेवटी मरतो का हो?"

खरं सांगतो, मला भरून आलं. पुढे जन्मभर मी त्रैराशिकं शिकवली, कादंबरी काही छापली गेली नाही. पण लेखकाला वाचक नव्हता असं कुणी म्हणू नये. मला एक वाचक मिळाला होता, जीव ओतून वाचणारा, शब्दन् शब्द पाठ असणारा! आता तो मराठीत नापास झाला, त्याला मी काय करणार?